तिन्ही कोटेशनं खरी असू शकतात, कामं मात्र तीन वेगळी आहेत

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नक्की कशाचं उत्तर देतोय ते कळेल. स्वयंपाकघर १० बाय ८ फूट, घर पंचवीसेक वर्षं जुनं, एल आकाराचा ओटा. सिंक आत्ता दाराजवळच्या कोपऱ्यात आहे ते खिडकीखाली न्यायचंय. स्वयंपाकघर नव्याने करून घ्यायला तिघांकडून कोटेशन घेतलीत, सगळ्यात वरचा आकडा सगळ्यात खालच्याच्या जवळपास दुप्पट, आणि तुमच्या हातातली रक्कम बरोबर मधल्या कोटेशनएवढी. मग मधल्याला काम देऊन मोकळं व्हावं का, आणि पैसे कमी पडले तर अर्धं आत्ता अर्धं पुढच्या वर्षी असं चालतं का, असं विचारलंय.

मी १८ वर्षं हीच कामं करतोय, पहिली पाच एका सुताराच्या हाताखाली आणि नंतर स्वतःची. मधला आहे म्हणून मधल्याला देऊ नका. आणि अर्धं-अर्धं चालतं, पण कुठलं अर्धं आधी यावर सगळं आहे, बहुतेक लोक नेमकं उलटं अर्धं आधी करतात.

आता हे आकडे एवढे वेगळे का येतात ते बघा. तीन फूट रुंद, अडीच फूट उंच, दोन फूट खोल असं ओट्याखालचं एक साधं कपाट धरा. एक जण रनिंग फुटाने, म्हणजे फक्त लांबी मोजतो, त्याच्या हिशोबात हे कपाट ३. दुसरा समोरून दिसणाऱ्या दर्शनी भागाचे स्क्वेअर फूट धरतो, त्याचं ७.५. तिसरा आत जितका बोर्ड लागतो तो सगळा मोजतो, म्हणजे दोन बाजू १०, वर-खाली १२, पाठ ७.५, मधला कप्पा ६ आणि दारं ७.५, झाले ४३. कपाट तेच! त्यामुळे "त्याचा रेट एवढा आणि याचा रेट तेवढा" ही तुलना कागदावर कितीही छान दिसली तरी तिला काही अर्थ नाही. वर एकाच्या आकड्यात बिजागऱ्या, चॅनल (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्ट्या) आणि ट्रॉल्या धरलेल्या असतात आणि दुसऱ्याच्या आकड्यात "हार्डवेअर ॲज पर ॲक्च्युअल", म्हणजे त्याचे पैसे होतील तसे वेगळे, असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

म्हणून पहिलं काम हे करा की एक पानभर यादी स्वतः लिहा आणि तिघांनाही तीच यादी देऊन परत आकडे मागवा. कुठला बोर्ड, किती एमएम, दाराला काय फिनिश, ड्रॉवर किती, त्यांचे चॅनल किती वजनाचे, टाईल किती उंचीपर्यंत, पाण्याचे पॉइंट किती, विजेचे किती. आणि त्याहून महत्त्वाचं, प्रत्येकाला विचारा "यात काय धरलेलं नाही ते लिहून द्या". जुनं तोडून राडारोडा उचलून नेणं, सामान वर चढवणं, सिंक आणि शेगडीसाठी दगडात कटआउट मारणं, दगडाच्या कडेला पॉलिश, नळ बसवणं, पाइप-वायरसाठी भिंतीत खोदलेल्या झिऱ्या बुजवून भिंत सारखी करणं, शेवटचा रंगाचा हात, हे सगळं हमखास बाहेर राहतं आणि एकेक करून शेवटच्या आठवड्यात तुमच्यासमोर येतं. माझा अनुभव असा की एकाच यादीवर आकडे परत मागवले की दुप्पटीचा फरक बराच खाली येतो, आणि जो उरतो तो खरा फरक असतो, त्यावर मग विचार करता येतो. यादी बघून जो वैतागतो त्याच्याबद्दल तिथेच बरंच काही कळतं.

आता बजेट. तुमच्याकडे जी रक्कम आहे ती १०० धरा. त्यातले २० आत्ताच बाजूला काढा आणि कोणालाच सांगू नका, मला पण नाही. नव्या घरात मी १० म्हणतो, पण पंचवीस वर्षांच्या घरात भिंत फोडल्यावर आत काय निघेल हे फोडल्याशिवाय समजत नाही. गंजून अर्धा बंद झालेला लोखंडी पाइप निघतो, जुनी वायर हातात घेतल्यावर तिचं वेष्टण तुकडे होऊन पडतं, टाईल काढताना टाईलसकट प्लास्टर येतं. हे २० म्हणजे "थोडे वाढवू वेळ पडली तर" असले पैसे नाहीत, ते जवळपास लागणारच असं धरून चाला. उरले ८०. माझ्या कामांमध्ये साधारणपणे या ८० चा तिसरा हिस्सा, कधी त्याहून थोडा जास्त, कपाटं आणि हार्डवेअर खातात. साधारण तेवढाच तोडफोड, प्लंबिंग, वायरिंग, फरशी-टाईल आणि त्यांची मजुरी मिळून जातो, आणि उरलेल्यात दगड, सिंक, नळ, चिमणी, दिवे. पण हे फार सैल प्रमाण आहे हां, तुम्हाला ओव्हन आणि डिशवॉशरपण नवा घ्यायचा असला तर सगळं हलतं. मी हे प्रमाण फक्त एका गोष्टीसाठी वापरतो: कोणी कपाटांवरच ६० लावत असेल तर मागच्या भिंतीतलं काम तो करणारच नाहीये, जुन्यावरच नवं चढवणार आहे.

यावर थोडं थांबतो कारण खरी गोम इथेच आहे. स्वयंपाकघरातल्या गोष्टींचे मी दोन ढीग करतो. एक, ज्या नंतर बदलायच्या तर परत फोडावं लागतं. दोन, ज्या नंतर स्क्रू काढून बदलता येतात. पहिल्या ढिगात पाइप, सांडपाण्याची लाइन, वायरिंग, फरशी, भिंतीच्या टाईल, ओट्याचा दगड आणि खालच्या कपाटांचे सांगाडे. दुसऱ्यात दारं, हँडलं, वरची कपाटं, आतल्या जाळ्या आणि कोपऱ्यातल्या फिरत्या जाळ्या, नळ, दिवे, बहुतेक सगळी मशिनं. पैसे पहिल्या ढिगात आधी ओता, उरतील ते दुसऱ्यात. लोक उलटं करतात याचं कारण साधं आहे, दुसरा ढीग दिसतो, पाहुण्यांना दाखवता येतो, आणि शोरूममध्ये कधी कोणी तुम्हाला नेऊन वायर दाखवत नाही.

त्यामुळे टप्प्याटप्प्याने करायचं तर पहिल्या टप्प्यात तोडफोड, सगळं पाणी, सगळी वीज, फरशी, टाईल, ओटा आणि खालचे सांगाडे. दारं परवडत नसतील तर साधं लॅमिनेट लावा किंवा चक्क काही महिने दारांशिवाय राहा, मी स्वतः माझ्या घरी पावणेदोन वर्षं तसाच राहिलोय आणि सुताराच्या घरचीच कपाटं उघडी म्हणून नातेवाइकांनी मनसोक्त टोमणे मारून घेतले. नंतर दारं बदलणं सोपं असतं कारण आजकालच्या लपलेल्या बिजागऱ्यांच्या कपासाठी भोक ३५ एमएमचंच असतं, सांगाडा ठरावीक मापाचा ठेवला की कोणीही नवी दारं करून देतो. वरची कपाटं दुसऱ्या टप्प्यात गेली तरी चालतील, फक्त त्यांच्याखालच्या दिव्यासाठी वायर आत्ताच आणून ठेवा आणि तोंड बंद करून सोडा. डिशवॉशर आज घ्यायचा नसला तरी त्याचा पाण्याचा, सांडपाण्याचा आणि विजेचा पॉइंट आज काढा. रिकामा पॉइंट काढायला जे पैसे लागतात ते नंतर टाईल फोडून काढण्यापुढे काहीच नाहीत.

सिंक खिडकीखाली नेण्याबद्दल. इथे मी थोडा अडवणार आहे तुम्हाला. नळाचं पाणी दाबाने येतं, ते कुठेही नेता येतं. सांडपाणी उताराने जातं. फुटाला पाव इंच उतार हवा असा हिशोब असतो. तुमचं सिंक जुन्या जागेपासून समजा ८ फूट सरकलं तर पाइपाचं वरचं टोक खालच्यापेक्षा २ इंच उंच हवं. दोन इंच ऐकायला काहीच नाही, पण ती लाइन आता ओट्याखालून कपाटांच्या पाठीमागून जाणार, म्हणजे तेवढ्या भागातल्या ड्रॉवरची खोली कमी होणार. फरशीखालून न्यायची तर फरशी उचलून परत करावी लागणार आणि फरशी उंच झाल्याने कधीकधी दारात पायरी येते, जी मग आयुष्यभर ठेच लावते. कोपऱ्यातून वळवताना ९० अंशाचा एक एल्बो (पाइप वळवायचा जोड) मारू देऊ नका, ४५ चे दोन लावायला सांगा आणि तिथे साफ करायचं तोंड ठेवा. जर खिडकीच्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीवरच सांडपाण्याची उभी लाइन असेल तर मात्र हे सगळं विसरा, काम सोपं आहे, आनंदाने न्या. हे तुम्ही लिहिलं नाहीये आणि त्यावर बरंच अवलंबून आहे, तर आधी बाहेरून जाऊन बघा.

आणि सिंक हलवायचं कारण काय तेही एकदा विचारा स्वतःला. सिंक, शेगडी आणि फ्रीज यांचा त्रिकोण जमला पाहिजे असं प्रत्येक जण सांगतो. ती कल्पना १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या अभ्यासातून आली आणि तिचा नियम एवढाच आहे की त्रिकोणाची प्रत्येक बाजू साधारण ४ ते ९ फूट असावी आणि तिन्ही मिळून २६ च्या वर जाऊ नये. १० बाय ८ मध्ये तुम्ही काहीही केलंत तरी २६ च्या वर जाणं अवघड आहे, त्रिकोणासाठी पैसे घालवू नका. छोट्या स्वयंपाकघरात जाच होतो तो सलग मोकळ्या ओट्याचा. सिंक आणि शेगडी यांच्या मध्ये तीन फूट मोकळे मिळतायत का ते बघा. सिंक हलवून ते मिळत असतील तर खर्च रास्त आहे. फक्त भांडी घासताना बाहेर बघायचंय म्हणून असेल तर तेही कारणच आहे, मी नावं ठेवत नाही, पण मग त्याची किंमत वेगळी लिहून घ्या आणि ती बघून ठरवा.

विजेचं लवकर सांगतो. २३० व्होल्टवर २००० वॅटचं एक मशिन साधारण ९ अँपिअर ओढतं. किटली आणि ओव्हन एकदम चालू केलं की १८, आणि जुन्या घरात बऱ्याचदा सगळे प्लग एकाच वायरवर असतात. प्रत्येक मोठ्या मशिनला स्वतंत्र लाइन घ्या, फ्रीजची लाइन एकदम वेगळी ठेवा म्हणजे दुसरं काही ट्रिप झालं तरी फ्रीज चालू राहील, आणि वीज गळायला लागली की लगेच लाइन तोडणारं ३० मिलिअँपिअरचं ब्रेकर घ्याच, पाण्याजवळच्या जागेत यावर वाद नको. भिंत बुजवण्याआधी मोजायची टेप लावून सगळ्या भिंतींचे फोटो काढा, टेपवरचे आकडे वाचता येतील असे. वरची कपाटं लावताना ड्रिल पाइपात गेल्याचा फोन मला अजूनही येतो, आणि दरवेळी कोणीच फोटो काढलेले नसतात.

बोर्डाचं म्हणाल तर सिंकखालचं कपाट वॉटरप्रूफ प्लायचं, बाकीचे सांगाडे चांगल्या ओलावारोधक बोर्डाचे चालतात, १८ एमएम. तिथे दोन प्रकारचा माल वापरला म्हणून कोणी नाक मुरडत नाही. बोर्ड फुगतो तो बहुतेक वेळा कापलेल्या कडेतून, म्हणून कडेची पट्टी चारही बाजूंना मारलीय का ते बघा, न दिसणाऱ्या मागच्या कडेलासुद्धा. कपाटं जमिनीवर टेकवू नका, पायांवर उभी करा. एमडीएफवर (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) छान गुळगुळीत रंग बसतो, दारांना ठीक, सिंकपाशी नको.

दगडात ग्रॅनाइट गरम भांडं सहन करतो, पण काही प्रकार डाग पितात, सीलर लावावं लागतं. क्वार्ट्झ डाग घेत नाही पण त्याच्यात रेझिन असतं, शेगडीवरून उतरवलेलं पातेलं थेट ठेवलं तर चटक्याची कायमची खूण राहू शकते. संगमरवर दिसतो सुंदर, आंबट पडलं की झिलई जाते. एक गोष्ट आवर्जून, क्वार्ट्झ घरात कोरडा कापू देऊ नका. त्याच्या धुळीतली सिलिका कापणाऱ्याची फुप्फुसं खाते, ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून तो प्रकारच बंद केला. कापायचं ते कारखान्यात, पाण्याखाली. आणि दगडाचा स्लॅब विकत घेण्याआधी सांधा कुठे येणार ते खडूने काढून घ्या, सिंकच्या कटआउटवर सांधा आला की दगड तिथे तडकायची भीती असते.

ओट्याची उंची कोणी विचारत नाही, ३४ ते ३६ इंच ठोकून देतात. घरात जो जास्त वेळ उभा राहतो त्याचा कोपर जमिनीपासून मोजा आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करा. खात्री करायची तर टेबलावर जाड पुस्तकं रचून त्यावर चिरायची फळी ठेवा आणि पंधरा मिनिटं काम करून बघा. याला एक पैसा लागत नाही, आणि चुकलं तर पाठ रोज आठवण करून देते.

आता माझी चूक सांगतो. स्वतःची कामं सुरू केली त्याच्या पहिल्याच वर्षी घाई म्हणून मी टाईल लागायच्या आधीच ड्रॉइंगवरच्या मापाने कपाटं कापायला टाकली. भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात नव्हती, दहा फुटांत सव्वा इंच गेलेली, वर टाईल आणि तिच्या खालचा सिमेंटचा मसाला मिळून आणखी जवळजवळ एक इंच. कोपऱ्यातला ड्रॉवर दाराच्या चौकटीला अडून अर्धाच उघडायचा. दोन कपाटं माझ्या खर्चाने परत केली, त्या कामात मला काही सुटलं नाही. तेव्हापासून पक्की मापं टाईल लागल्यावरच घेतो आणि दोन्ही टोकांना इंच-दीड इंचाची फिलर पट्टी (भिंतीकडची फट झाकणारी) ठेवतो. तुमचा माणूस आजच "पुढच्या आठवड्यात माल येतो" म्हणत असेल तर विचारा की मापं कधी घेतलीस.

तसंच मशिनांचे मॉडेल नंबर कपाटं कापायच्या आधी ठरलेले पाहिजेत, विकत घेतलेली नसली तरी. फ्रीजची रुंदी सगळे बघतात, पण बिजागरीकडची बाजू भिंतीला चिकटली तर दार ९० अंशांच्या पुढे जात नाही आणि आतले ड्रॉवर बाहेर निघत नाहीत. चिमणी गॅसच्या शेगडीपासून २६ ते ३० इंच वर असते साधारण, पण त्या मॉडेलच्या पुस्तकात जे असेल ते अंतिम. तिचा पाइप ६ इंची असेल तर बाहेरपर्यंत ६ इंचीच न्या, भोक लहान पडलं म्हणून ४ इंची केला की आवाज वाढतो आणि धूर घरातच राहतो.

वेळेबद्दल तुम्ही विचारलं नाही पण तोही पैसाच आहे. तुमच्याएवढ्या कामाला कोणी तीन आठवडे म्हणत असेल तर मी सहा ते आठ धरीन. खालची कपाटं बसल्याशिवाय दगडाचं पक्कं माप घेता येत नाही, माप घेतल्यापासून दगड येईपर्यंत परत काही दिवस जातात, आणि दगड नाही तोवर सिंक नाही. हे दिवस सगळ्यात त्रासाचे. आधीच दुसऱ्या खोलीत एक टेबल, एक छोटी शेगडी आणि पाण्याची काहीतरी सोय करून ठेवा, नाहीतर रोज बाहेरून मागवण्यात बाजूला काढलेल्या २० ला गळती लागते. आणि काम चालू झाल्यावर "हे पण करून टाकूया का" असं घरात कोणी म्हणालं की लगेच हो म्हणू नका. वहीत लिहा, त्याची किंमत लेखी मागा, रात्र जाऊ द्या आणि सकाळी ठरवा. बजेट मोठ्या गोष्टींनी क्वचित फुटतं, असल्या आठ-दहा "करून टाकूया"नी फुटतं.

पैसे देताना झालेल्या कामाच्या पुढे कधी जाऊ नका. ॲडव्हान्स माल घेण्यापुरता, मग पाइप-वायर झाल्यावर, टाईल झाल्यावर, कपाटं बसल्यावर असे हप्ते. भिंत बुजवायच्या आधी पाण्याच्या लाइनवर प्रेशर टेस्ट करून, म्हणजे दाब भरून, रात्रभर ठेवायला सांगा, आणि तो हप्ता सकाळी दाबाच्या मीटरचा काटा जागेवर आहे का ते बघून द्या. शेवटचे १० टक्के सगळी दारं सारखी लागेपर्यंत, सिलिकॉन भरून होईपर्यंत आणि सिंक काठोकाठ भरून एकदम सोडल्यावर खाली टिपूस येत नाही हे बघेपर्यंत स्वतःकडे ठेवा. चांगला माणूस यावर रागावत नाही, मी तर स्वतःहूनच करारात लिहितो.

तर तुमच्या बाबतीत मी असं करीन: आधी सांडपाण्याची उभी लाइन कुठे आहे ते बघायचं, मग सिंक हलवलेलं आणि न हलवलेलं अशा दोन याद्या करून तिघांकडून परत आकडे घ्यायचे, आणि ८० मध्ये बसत नसेल तर वरची कपाटं आणि भारी दारं पुढच्या वर्षावर टाकायची. सिंकच्या जागेचा आणि बाहेरच्या भिंतीचा फोटो टाकलात, सोबत फरशीपासून सांडपाण्याच्या तोंडाची उंची, तर उताराचा हिशोब मी करून देतो.